रकाना सहावा

धायरी, पुणे
८ फेब्रुवारी २०२६, रविवार

ऋचा,

पाकिटामागचं नाव वाचूनही तू हे फाडलंस, म्हणजे अजून थोडी आशा आहे. रूममेटने फाडलं असेल तर तिला सांग, बाई, पुढे वाचू नका, खाजगी आहे. हसू नकोस. खाजगी हा शब्द या पत्रात बऱ्याचदा येणार आहे.

फोनवर ब्लॉक, इन्स्टावर ब्लॉक, ठीक आहे. पण लिंक्डइनवर? लिंक्डइनवर कोण ब्लॉक करतं गं? म्हणून पोस्ट. बंगळूरचा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. मिळाला.

कामाचं बोलतो. सोबत दोन पानी अर्ज आहे. पान दोनवर खाली उजवीकडे पेन्सिलने फुली केलीय, तिथे सही कर आणि परत पाठव. परतीचं पाकीट आत आहे, तिकिटं लावलेलं. अर्ज दीपमाला मॅडमनी केलाय, शिवाजीनगर कोर्टासमोर बसतात, वकील आहेत. मी त्यांच्यासमोर पाऊण तास बोललो तर म्हणाल्या, "आता हेच सगळं घरी जाऊन क्रमाने लिहून काढ. शिव्या वगळून." तर क्रमाने लिहितो. तुला माहीत असलेलंही येईल.

निर्मळ साधक परिवारात दर पौर्णिमेला प्रत्येक साधक मनपत्र लिहितो. पिवळा कागद, कोपऱ्यात नाव नाही, फक्त साधक क्रमांक. जे कोणाला सांगता येत नाही ते परिवाराच्या गुरू थोरल्या माईंना सांगायचं, कागदाच्या चार घड्या घालायच्या, पेटीत टाकायचा. कोणी वाचत नाही. गुरुपौर्णिमेला पेटी खडकवासल्याला नेतात, विसर्जन होतं, मन मोकळं. असं मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. (मी परिवारात का आलो हे तुला माहीत आहे. रविवारी मेस बंद असते आणि केंद्रात महाप्रसाद असतो. माईंची कृपा ती एवढीच होती, नंतर तू वाढायला आलीस.)

ऑक्टोबरात केंद्र सांभाळणाऱ्या उल्काताईंनी मला सेवा दिली. "तू कॉम्प्युटरवाला ना? अर्धा का होईना." कपाट उघडलं. स्टीलचं, सहा फुटी. आत मनपत्रं. सगळी. आठ वर्षांची, क्रमांकाप्रमाणे लावलेली. महापालिकेच्या माणसांनी पाण्यात कागद टाकू दिले नाहीत म्हणून एका वर्षी तात्पुरती कपाटात ठेवली, आणि ते तात्पुरतं आठ वर्षं चाललं. गुरुपौर्णिमेला खडकवासल्याला जाते त्या पेटीत फुलं असतात. नुसती फुलं!

मी विचारलं, "उल्काताई, हे विसर्जन व्हायला हवं होतं ना?"

"होणारच आहे. योग्य वेळी."

"आठ वर्षं झाली."

"तुझं इंजिनिअरिंगही होणारच आहे ना? योग्य वेळी?"

थर्ड इयरला सोडलेला माणूस मी, स्कॅनरची वायर लावली. सेवा अशी होती की कागद उलगडायचा, काचेवर पालथा ठेवायचा, बटण दाबायचं, फाइलला क्रमांक द्यायचा. वाळवी लागायच्या आधी जतन करायचंय म्हणे. मी अडीच महिने ते केलं. पालथा, बटण, क्रमांक. पालथा, बटण, क्रमांक.

पुढचं तुला माहीत आहे. तुझा कागद उघड झाला. सत्तर वेळा सांगतो, उघड झाला तो त्यांच्यामुळे. काल मी केंद्रात जाऊन उल्काताईंना म्हणालो, ऋचाच्या ११४७ क्रमांकाचं सगळं पुसून टाका, आत्ता, माझ्यासमोर. त्या म्हणाल्या, आवाज खाली. मी खाली नाही केला. ध्यानाला बसलेली वीसेक माणसं डोळे उघडून बघायला लागली. सेवा बंद केली माझी. महाप्रसादही बंद. रविवारी आता वडापाव.

अर्जात रकाना सहा आहे: 'माहिती त्रयस्थ व्यक्तीस कळल्याचे कशावरून समजले.' तिथे मी लिहिलंय, 'वडील व विश्वस्त श्री. श्रीनिवास सोवनी यांनी उघड केली.' तूच त्या संध्याकाळी काकांना, तुझ्या बाबांना, हे तोंडावर बोललीस, मग कागदावर यायला काय हरकत आहे.

सही कर. बाकी काही बोलू नकोस वाटलं तर.

बद्री


धायरी
१ मार्च २०२६, रविवार

ऋचा,

तीन आठवडे झाले. अर्ज नाही, शिवी नाही. शिवी तरी पाठव.

दीपमाला मॅडमकडे परत गेलो होतो. मला वाटलं होतं, सही आली की मॅडम कोट चढवतील, नोटीस जाईल, उल्काताईंचा चेहरा उतरेल. मॅडम डबा खात होत्या. म्हणाल्या, "बस. भेंडी चालते का?" मग जे सांगितलं ते ऐकून माझी भेंडी घशात अडकली.

"डेटा प्रोटेक्शनचा कायदा तेवीसचा. नियम आले पंचवीसच्या नोव्हेंबरात. आणि माझी माहिती पुसा असं म्हणायचा हक्क देणारी कलमं नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू. म्हणजे सत्तावीसचा मे."

"म्हणजे कायदा आहे, पण नाही?"

"आहे. यायचाय."

"तोवर काय करायचं?"

"विनंती."

"विनंती?"

"नम्र. म्हणूनच अर्जावर विनंती अर्ज लिहिलंय मी. ट्रस्टला आज ना उद्या पाळावंच लागणार आहे. शहाणे असतील तर आत्ताच पुसतील. नसले तर मे महिना आहेच."

ऋचा, असं कुठं असतं का? घराला आग लागलीय आणि बंब पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात येणार. मी हेच बोललो. थोडं मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाई म्हणाल्या, "भाऊ, इथे रोज सगळ्यांच्याच घराला आग लागलेली असते. हळू बोला."

आणखी एक सांगितलं मॅडमनी. कागद कपाटात होते तोवर या कायद्याला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं. हाताने लिहिलेलं, कपाटात पडलेलं, ते या कायद्यात बसत नाही. स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतलं, त्या दिवशी ते कायद्यात आलं. "स्कॅन कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"छान," म्हणाल्या, आणि चपातीचा तुकडा मोडला.

मग मी म्हणालो, ती सही करत नसेल तर मी करतो, मी लढतो. तर म्हणे, "मुलीची माहिती, मुलीचा हक्क. तू कोण?" मी म्हणालो, मित्र. "मित्राचा रकाना नाही अर्जात."

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. मी कोण. मी धायरी फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांची आधार कार्डं पुढून-मागून काढणारा माणूस. रिसोडला आई सगळ्यांना सांगते, बद्री पुण्याला कंपनीत आहे. कंपनी आहेच, जपानी मशीन आहे. काल एक मुलगी नवी ओढणी घेऊन आली होती, तुझ्या त्या मोरपंखी रंगाची, आणि मी तिच्या टीसीच्या तीन प्रतींऐवजी अकरा काढल्या. सर्जेराव, दुकानाचे मालक, म्हणाले, "आठ जास्तीच्या कुणाला वाटायच्यात? लग्नपत्रिका हाय का?"

तळजाईचा तो रविवार मला सोडत नाही. तुझ्या आईचं श्राद्ध आदल्या दिवशी झालं होतं. तू बाकावर बसून रडत होतीस आणि रडायचं कारण सांगत नव्हतीस. मला ते बघवेना. मी म्हणालो, "तू फोन कापलास म्हणून आई गेली नाही गं." तू रुमाल खाली घेतलास. तेवढ्या वेळात मी हे बोलायला नको होतं ते माझ्या लक्षात आलं होतं. "फोन कापला हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हणालो, काकांनी.

तू उठलीस आणि उतरून गेलीस. टेकडी उतरताना तू नेहमी माझा दंड धरायचीस, खडी घसरते म्हणून. त्या दिवशी घसरलीस पण धरला नाहीस.

मी तुझं वाईट करायला बोललो नव्हतो. मले तू रडायची थांबायला पाहिजे होतीस, एवढंच. (हस की 'मले'ला. आधी हसायचीस.)

सही पाठव. कायद्याला यायला उशीर आहे, पोस्टाला नाही.

बद्री


धायरी
२२ मार्च २०२६, रविवार

ऋचा,

पाकीट आलं. दुकानात पोस्टमनने आवाज दिला तेव्हा मी लॅमिनेशन करत होतो, एका काकूंचं रेशन कार्ड अर्धं मशीनमध्ये तसंच राहिलं. जळालं थोडं.

सही नाही. रकाना सहाशेजारी पेन्सिलने तुझं अक्षर. 'कधी सांगितलं? कुठे? तारीख लिही.' एवढंच.

अडीच महिन्यांनी तुझे पाच शब्द आले आणि तेही तारखेचे. असू दे. मी ते पाच शब्द कितीदा वाचले ते सांगत नाही.

तारीख कशाला हवी गं? डिसेंबर असेल. डिसेंबरचा मध्य. काका मंडईजवळ भेटले होते, स्कूटरवरून चालले होते, थांबले, आणि बोलता बोलता निघालं. नाही, स्कूटर त्यांनी मोतीबिंदूनंतर विकली ना. मग चालत असतील. पिशवी होती हातात. बोलता बोलता निघालं म्हणजे त्यांनी काही मुद्दाम सांगितलं नाही, तुझ्या काळजीनेच बोलले, ऋचाच्या मनात फोनचं राहिलंय वगैरे. मी काय तेव्हा तारीख लिहून ठेवत होतो?

आणि तारखेने काय फरक पडतो? मुद्दा हा आहे की कागद विसर्जन झाला नाही. मुद्दा हा आहे की माईंचं नाव घेऊन लोकांच्या मनातलं काढून घेतलं आणि कपाटात लावून ठेवलं. अडीच हजार साधकांचं! कोणी भावाबद्दल लिहिलंय, कोणी नवऱ्याबद्दल, कोणी औषधाबद्दल. उल्काताई स्कॅनच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवतात, माहीत आहे तुला? माईंच्या जन्मतारखेचा आहे. जन्मतारीख दारावरच्या फोटोखाली छापलेली आहे. यावर बोल ना! तू एकट्या काकांना धरून बसलीस, आणि मला तारीख विचारतेस.

मॅडमलाही तेच पाहिजे. म्हणतात, रकाना सहाला आधार लागतो. "वडिलांकडून दोन ओळी आण, होय, मी सांगितलं होतं म्हणून. मान्य करतील का?" मी म्हणालो, करतील. भांडणात त्यांनी नाकारलं नव्हतंच. तू बोललीस आणि ते गप्प बसले, असं तूच तुझ्या मैत्रिणीला, प्रियदर्शनीला सांगितलं होतंस आणि तिने मला.

तर उद्या-परवा जातो नारायण पेठेत. तुझ्या बाबांचं लेखी आणतो. मग तरी करशील सही?

बद्री


धायरी
१२ एप्रिल २०२६, रविवार

ऋचा,

हे पत्र चार दिवस लिहितोय. तीन वेळा फाडलं. चौथं हे.

मी उद्या-परवा म्हणालो होतो, पण दोन आठवडे टाळलं. गेल्या बुधवारी दुपारी गेलो. काकांनी दार अर्धं उघडलं. मी म्हणालो, "काका, वेळ आहे का?"

"निवृत्त माणसाला वेळ आहे का म्हणून विचारू नये. त्याला वाईट वाटतं. चप्पल बाहेर."

तुझ्या खोलीचं दार लावलेलं होतं. टेबलावर परिवाराच्या मासिकाचा नवा अंक होता, तुझ्या नावाचा, बंगळूरच्या पत्त्याचं लेबल लावलेला, परत आलेला. आता सांगतो, तुझा पत्ता मी मासिकाच्या यादीतून घेतला होता. तो काकांनी भरला होता. तू घेत नाहीस, अंक परत येतो, ते पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवायला लावतात.

मी अर्ज पुढे केला. त्यांनी भिंग घेतलं. पान एक वाचलं, पान दोन वाचलं. रकाना सहावर भिंग बराच वेळ राहिलं. मी पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.

"टायपिंग स्वच्छ आहे. तुझं?"

"हो."

"आणि हे मी कधी सांगितलं?"

मी अर्जाचा दुमडलेला कोपरा सरळ करायला लागलो.

"तिनेही पेन्सिलने तेच विचारलेलं दिसतंय. बरं झालं. आम्हा बापलेकीचं एका तरी प्रश्नावर एकमत आहे."

ऋचा, मी मंडई म्हणणार होतो. डिसेंबर म्हणणार होतो. पिशवी तयार होती तोंडात. पण ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडलो असतो, मला ते येतं. त्यांनी भिंग पुसलं आणि त्याच्या डबीत ठेवलं.

म्हणाले, "चौतीस वर्षं मी पोस्टात सॉर्टिंगला होतो. पाकिटाचं सोड. पोस्टकार्ड असतं ना, ते उघडंच असतं. तेही आम्ही वाचत नव्हतो. पत्ता बघायचा, पालथं टाकायचं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. पालथं टाक. तुझ्या काकूचीही पत्रं आहेत त्या कपाटात. ९१२ क्रमांक, बावीस कागद. ती गेल्यापासून कपाटाची एक किल्ली माझ्याकडे आहे."

मग ते म्हणाले, "स्कॅनिंगला तूच होतास ना?"

मी हो म्हणालो. ते एवढंच म्हणाले, "हं."

मी विचारलं, मग त्या संध्याकाळी तुम्ही गप्प का बसलात. का नाही म्हणालात की मी वाचलं नाही. आता हे नीट वाच, ऋचा. मी त्यांचे शब्द जमतील तसे लिहितोय.

"ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी कुकर उतरवत होतो. म्हणाली, आईचे तीन फोन मी कापले आणि मग बंद करून टाकला, हे तुम्ही वाचलंत, आणि वर त्याला सांगितलंत. फोन कापले हे मला त्या क्षणी कळलं. चार वर्षं मला बॅटरी संपली होती एवढंच माहीत होतं. सगळ्यांना तेच माहीत होतं. आता तिला काय सांगू? मी वाचलं नाही, बाळ, मला आत्ता तूच सांगितलंस, असं? मला सुचलं नाही. कुकर हातात होता."

मग म्हणाले, "नंतर वाटलं, राहू दे. माझ्यावर रागावलीय तोवर स्वतःवर रागावत नाही. किल्ली माझ्याकडे होतीच, म्हणजे अगदीच खोटं बोलली नाही ती."

ऋचा, तुझा कागद मी वाचला.

काकांनी मला कधी काही सांगितलं नाही. मंडईत भेटले नाहीत. आम्ही दोघं एकटे असे पहिल्यांदा बोललो ते या बुधवारी.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, केंद्रात दुपारी कोणी नव्हतं. १०००च्या पुढचे क्रमांक चालू होते. ११४७ येणार हे मला माहीत होतं, मी दोन दिवस मोजत होतो. तुझे कागद आले तेव्हा मी पालथे ठेवले नाहीत. मी माझं नाव शोधत होतो. एवढंच शोधत होतो, शपथ. वर्षभर तू मला हो म्हणत नव्हतीस, नाही म्हणत नव्हतीस, मला वाटलं कोणाला नाही तर माईंना तरी सांगितलं असेल. एकोणीस कागद होते. सगळे बघितले. माझं नाव कुठेच नव्हतं. मग चार वर्षांपूर्वीचा तो कागद आला, फोनचा. 'मला तिच्या आजारपणाचा कंटाळा आला होता' असं लिहिलेला. तो मी पूर्ण वाचला. दोनदा. आणि मोबाईलमध्ये फोटो काढला.

फोटो का काढला याचं उत्तर मला चार दिवस शोधूनही सापडलं नाही. तुझं अक्षर होतं म्हणून असेल. तुझं काहीतरी माझ्याकडे असावं म्हणून असेल. सगळ्या पुण्याला मी तुझी माहिती पुसा म्हणून ओरडत फिरत होतो, उल्काताईंवर ओरडलो, कोर्टासमोर ओरडलो, आणि फोटो माझ्या खिशात होता. बुधवारी काकांसमोर डिलीट केला. ते म्हणाले, "मला दाखवू नकोस, स्क्रीन पालथी धर." मग रिसायकल बिनमधूनही काढला. तू विश्वास ठेवावास असं काही माझ्याकडे नाही.

तळजाईला तू विचारलंस तेव्हा खरं सांगायला एक सेकंद होता. मी त्या सेकंदात तुझ्या बाबांना पुढे केलं. तू घरी जाऊन त्यांना बोललीस, आणि जे तू चार वर्षं जपलं होतंस ते तुझ्याच तोंडून त्यांच्यापर्यंत गेलं. ते मी केलं. मला तेव्हा कळलं नव्हतं. बुधवारी कळलं.

निघताना काकांना विचारलं, मी हे सगळं तिला लिहू का? लिहिलं तर तिला कळेल की तुम्हाला तिनेच सांगितलं. त्यावर म्हणाले, "मी पोस्टातला माणूस. मजकूर तुझा. मी फक्त पोचतंय का ते बघतो." आणि जिन्यात हाक मारून म्हणाले, "तिला कळलेलं चालेल मला. आता ती इथे नाही, तिथे एकटी रागावतेय."

या पत्राबरोबर दोन गोष्टी आहेत.

एक, लाल चिकटपट्टीचं पाकीट. त्यात तुझे एकोणीस मूळ कागद आहेत. काकांनी दुसऱ्या दिवशी कपाटातून काढले, न बघता पाकिटात घातले, माझ्यासमोर चिकटवले आणि माझ्याच हातात दिले. "पोस्टात टाक." माझ्या हातात का दिले ते विचारायची हिंमत झाली नाही. पट्टीवर त्यांची सही आहे, आडवी. फाटलेली नाही ना, ते आधी बघ.

दोन, नवा अर्ज. कॉम्प्युटरवरची प्रत तुझ्या सहीशिवाय पुसणार नाही असं उल्काताईंनी काकांना विश्वस्तांच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं. "ज्याचं त्याने मागावं." पहिल्यांदाच त्या बरोबर बोलल्या, याचाही मला राग आला. मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी डबा बंद केला. म्हणाल्या, "तुझ्यावर शेकेल हे. माहीत आहे ना?" मी म्हणालो, टाइप करा. टायपिस्ट बाईंनी केलं, माझ्याकडे बघत.

रकाना सहामध्ये आता असं आहे: 'संस्थेत स्कॅनिंगची सेवा करणाऱ्या बद्रीनाथ बोडखे याने परवानगीशिवाय वाचली, मोबाईलमध्ये तिचा फोटो काढला व विचारले असता वडिलांचे नाव खोटे सांगितले. वडिलांनी ती कधीही वाचलेली नाही.'

तुझ्या कागदांत माझं नाव शोधत होतो. आता आहे.

सही कर, आणि अर्ज माझ्याकडे पाठवू नकोस, मॅडमचा पत्ता पाकिटावर आहे. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव, ट्रस्टचं आणि माझंही. मी धायरीतच आहे, रोज दहा ते आठ, मशीनवर. लोकांचे कागद आता पालथे ठेवतो. सर्जेराव म्हणतात, "अरं, झेरॉक्सला पालथंच ठेवत्यात, त्यात काय इशेष?" खरं आहे. काही विशेष नाही.

मला उत्तर नको. काकांना फोन कर. बुधवारी बघितलं, त्यांचा फोन टेबलावर चार्जरला लावलेला होता, शंभर टक्के दाखवत होता. मी म्हणालो, काका, पूर्ण झालाय, काढू का. म्हणाले, "राहू दे."

बद्रीनाथ